उसना फ्रिज, आपला माठ

(धाड, जि. बुलढाणा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी अत्याचारांवर बोलणार नाही. राखीव जागांवर बोलणार नाही. निवडणुकीवर तर अजिबात नाही. आज मी एका बाटलीवर बोलणार आहे. हसू नका, ती बाटली नव्हे! अंगठ्याएवढी काचेची बाटली, तोंडाला रबराचं बूच, आत १० मिली औषध. इन्सुलिन.

मुंबई-पुण्याहून आलेल्या पोरांच्या कपाळावर आठी दिसतेय मला. यात चळवळ कुठं आली? सांगतो. ज्याच्या घरी फ्रिज नाही अशा माणसाच्या हातात ही बाटली पडते, तेव्हा तिच्याबरोबर एक वाक्य मिळतं: ‘फ्रिजमध्ये ठेवा.’ झालं. देणाऱ्याचं काम संपलं. तुमच्याकडे फ्रिज आहे का, हे विचारायचं त्याला सुचत नाही, कारण त्याच्या जगात फ्रिज नसलेलं घर नसतंच. आणि कुठं कुठं तर याच्याही पुढची पायरी. ‘फ्रिज नाही? मग राहू द्या, गोळ्याच घ्या.’ म्हणजे फ्रिज नाही म्हणून औषध नाही. ज्याचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही त्या पोराला गोळ्या देणं म्हणजे काय, ते कुणी डॉक्टरच्या तोंडून ऐका. त्याला मराठीत एकच शब्द आहे, आणि तो मी आज इथं उच्चारणार नाही. पुढं आपोआप कळेल.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘फ्रिजमध्ये ठेवा’ हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं वाक्य गरिबाला कुणी सांगत नाही. ते आज आपण सांगायचं. पाठ करायचं. वस्तीवस्तीत जाऊन बोलायचं.

आधी उसन्या फ्रिजची गोष्ट. इकडं एका गावात मावशी आहे, वय साठीच्या आसपास, मजुरी करणारी. सकाळ-संध्याकाळ सुई. तिला विचारलं, औषध कुठं ठेवता? म्हणाली, “बापू, फिरीज आमच्या घरी कोठून येईन? लाइटचं बिल भराले पैसे नाहीत. दुकानवाल्याच्या घरी ठेवतो मी.” म्हणजे दिवसातून दोनदा तिनं दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. सुनेनं बाटली आणून द्यायची. कधी लगेच, कधी ‘थांबा जरा, पाहुणे आहेत’. सणावाराला घराला कुलूप, की तीन दिवस सुई नाही. बाटली फ्रिजमध्ये कुठं ठेवलीय तेही हिला माहीत नाही. दुधाच्या शेजारी नको म्हणून कुणी ती वरच्या बर्फाच्या कप्प्यात ढकलली, तरी हिला कोण सांगणार?

मला या गोष्टीत औषधाआधी दुसरंच काही दिसतं. बाबासाहेब सातारच्या शाळेत शिकत होते तेव्हा शिपायानं नळ सोडल्याशिवाय त्यांना पाणी प्यायला मिळत नव्हतं. शिपाई हजर नसेल त्या दिवशी पोरगं तहानलेलं. नळ आहे, पाणी आहे, तहान आहे, आणि मधे दुसऱ्याचा हात आहे. मावशीचं काय वेगळं आहे? औषध आहे, तेही तिच्या पैशाचं, आणि मधे दुसऱ्याचा हात आहे. दुकानदार माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगलाही असेल. पण ज्याच्या चांगुलपणावर आपला रोजचा श्वास टांगलेला आहे, त्याच्यापुढं आपली मान ताठ राहत नाही. हा प्रश्न १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर सुटायला सुरुवात झाली. तो फ्रिजच्या दारात येऊन पुन्हा उभा राहिलाय.

आता दुसरा गैरसमज. साखरेचा रोग म्हणजे बंगल्यातल्या, पोट सुटलेल्या शेठचा रोग. हा भ्रम आपल्या डोक्यातून आधी काढा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली छापून आले. देशात मधुमेहाची माणसं १० कोटींच्या वर. एवढे शेठ या देशात आहेत का? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास चालवला. त्यातून एक गोष्ट पुढं आली. आईच्या पोटात कमी पोसलेलं, जन्मताना काडीसारखं दिसणारं आपल्याकडचं पोरगं, त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी तुलनेनं जास्त असते. मधुमेहाची जमीन तिथंच नांगरली जाते. आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला ‘टाइप ५’ असं स्वतंत्र नाव दिलं. भुकेचा मधुमेह! उपाशी राहिलात म्हणून साखर झाली. हे आपल्या वस्तीत कुणाला सांगितलं तर तो वेड्यात काढील. पण ते खरं आहे.

आणि ज्यांचा फोटो या भिंतीवर लावलाय, त्यांना काय होतं? मधुमेह. घटनेच्या मसुद्याच्या त्या दिवसांत बाबासाहेबांना झोप नव्हती, पाय ठणकायचे, आणि ते इन्सुलिन घेत होते. १५ एप्रिल १९४८ ला डॉ. शारदा कबीरांशी लग्न झालं, ते याच आजारपणाच्या काळात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंना दीक्षा देणारा माणूस आतून या रोगानं पोखरलेला होता. पुढं दोन महिनेही निघाले नाहीत. आपण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो, पण त्या देहाला काय आजार होता हे पोरांना विचारा, निम्म्यांना सांगता येणार नाही. त्यांच्याकडे डॉक्टर पत्नी होती. मावशीकडे काय आहे?

हे औषध आलं कुठून तेही ऐका. १९२१ साली कॅनडातल्या टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून रस काढला. मॅक्लिऑड यांची प्रयोगशाळा होती, कोलिप यांनी तो रस शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला पहिली सुई दिली. हाडांचा सापळा झालेलं पोरगं. ते पुढं १३ वर्षं जगलं. त्याआधी अशा पोरांना डॉक्टर काय द्यायचे? उपास. उपाशी ठेवून मरण थोडं लांबवायचे. आणि संशोधकांनी पेटंट विद्यापीठाला कितीला दिलं? एकेक डॉलरला. औषध जगाचं राहावं म्हणून. पुढं कंपन्यांनी त्याचं काय केलं ते जगाला दिसतंच आहे.

आता यातली गंमत बघा. पुढची साठ वर्षं इन्सुलिन कारखान्यात आकाशातून पडत नव्हतं. ते कत्तलखान्यातून यायचं. गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून. आठ औंस इन्सुलिनला डुकराचे दोन टन अवयव लागायचे. ज्या कामाला हात लावणाऱ्यांना या देशानं गावकुसाबाहेर ठेवलं, त्याच कामातून जगभरचं हे अमृत निघत होतं. आणि सोवळं नेसून जेवणारे मधुमेही सकाळी तेच दंडात टोचून घेत होते! तेव्हा विटाळ कुठं गेला होता? रक्ताला विटाळ कळत नाही, मित्रांनो. रक्ताला फक्त साखर कळते. १९८२ पासून जिवाणूंकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेण्याची रीत बाजारात आली. २००३ साली वोक्हार्ट या आपल्या देशी कंपनीनंही तसं इन्सुलिन काढलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या १९७७ च्या पहिल्या यादीपासून इन्सुलिन तिच्यात आहे. औषध आहे. देशात बनतं. आवश्यक आहे असं जगानं मान्य केलंय. अडलंय कुठं? शेवटच्या दहा पावलांत. बाटली झोपडीत आली की तिथं.

मग आता मूळ मुद्दा. उन्हानं इन्सुलिनचं होतं काय?

इन्सुलिन हे प्रथिन आहे. अंड्याचा पांढरा बलक उकडला की घट्ट होतो, पुन्हा पातळ होत नाही. प्रथिनाची घडी मोडली की मोडली. इन्सुलिन काही अंड्याइतकं भराभर बिघडत नाही, पण जात तीच. जितकी उष्णता जास्त आणि जितके दिवस जास्त, तितका जोर कमी. म्हणून दोन गोष्टी मोजायच्या: किती गरम, आणि किती दिवस.

कंपनी काय सांगते? न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवा, मुदतीपर्यंत चालेल. हे उत्तमच. फ्रिज असेल तर तिथंच ठेवा, माझ्या भाषणामुळं बाहेर काढू नका. पण फोडलेली, रोज वापरातली बाटली? ती साधारण २५ ते ३० अंशांच्या आत बाहेर ठेवली तरी बहुतेक इन्सुलिनं चार आठवडे चालतात. हे कंपनीच्याच चिठ्ठीवर छापलेलं असतं, मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत. कुठलं किती दिवस ते ज्याच्या त्याच्या चिठ्ठीवर बघायचं. काही पेनांची मुदत याहून कमी असते. तर अर्ध्या वाक्याचा पहिला तुकडा हा: वापरातल्या बाटलीला फ्रिज लागतोच असं नाही. सावली लागते.

पण आपल्याकडे वैशाखात ३० अंश राहतात कुठं? धाड घाटावर आहे, घाटाखाली मलकापूर-खामगावाकडं तर विचारूच नका. पत्र्याच्या खाली दुपारी तीनला काय भट्टी असते ते इथं कुणाला सांगायला नको. तर त्याचाही अभ्यास झालाय. केनियाच्या उत्तरेला दागाहाले नावाची निर्वासितांची छावणी आहे. तिथल्या झोपड्यांत रात्री २५ आणि दुपारी ३७ अंश. सरहद्दीविना डॉक्टर ही संघटना आणि जिनिव्हा विद्यापीठ, दोघांनी मिळून तेच रोजचं चढउतार प्रयोगशाळेत चार आठवडे इन्सुलिनला दिलं आणि तपासलं. २०२१ साली निकाल छापला. जोर एक टक्क्यानंही उतरला नव्हता. पुढं २०२३ साली कोक्रेन या संस्थेनं जगातले असे अभ्यास एकत्र करून सांगितलं की काही मानवी इन्सुलिनांच्या न फोडलेल्या बाटल्या २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने ठेवल्या तरी कामाला येतात.

थांबा, टाळ्या नकोत. दुसरी बाजूही ऐका, नाहीतर आपणही अर्धंच वाक्य सांगणारे होऊ. आपल्याच देशात पुदुच्चेरीला २००९ साली झालेल्या अभ्यासात ३२ आणि ३७ अंशांत २८ दिवस ठेवलेल्या इन्सुलिनचा जोर १४ ते १८ टक्के उतरलेला दिसला. म्हणजे अभ्यास अभ्यासाशी भांडतो. आपण काय करायचं? वाईटातला वाईट आकडा धरून चालायचं. १८ टक्के उतरलं म्हणजे रुपयातले ८२ पैसे उरले. २० युनिट टोचले, काम १६-१७ युनिटांचं झालं. साखर चढेल, तपासावी लागेल. पण हातात ८२ पैसे आहेत. आणि ‘फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन नाही’ म्हटलं तर हातात काय? शून्य. टाइप १ च्या पोराला शून्य इन्सुलिन म्हणजे काही दिवसांचा खेळ. आता कळला तो सुरुवातीला न उच्चारलेला शब्द?

आणि ३७ च्या पुढं, ४२-४५ अंशांत, या आकड्यांचा आधार सुटतो. तिथं खाली उतरायलाच पाहिजे. तिथं आपला माठ.

माठ थंड का होतो? माती सच्छिद्र असते. पाणी झिरपून बाहेर येतं आणि उडून जातं. उडताना ते उष्णता घेऊन जातं, एका ग्रॅमला साधारण ५८० कॅलरी. घाम आला आणि वारं लागलं की अंग गार होतं, तेच गणित. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर उडणार, तितका माठ गार. म्हणजे बघा, निसर्गानं इथं गरिबाला थोडं झुकतं माप दिलंय. ज्या महिन्यांत आपल्याकडं ऊन सर्वांत तापतं, त्याच महिन्यांत हवा सर्वांत कोरडी असते, आणि माठ सर्वांत जोरात काम करतो. पावसाळ्यात हवा दमट, माठ मंदावतो, पण तेव्हा ऊनही उतरलेलं असतं. मुंबईच्या पोरांनो, तुमची हवा बारा महिने घामट. तिथं माठ दोन-तीन अंशच देईल, पण पत्र्याच्या खोलीत तेही कमी नाही. आणि बाटली पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, खाली जमिनीलगत ठेवा. तेवढ्यानंही फरक पडतो.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. २०१६ साली ‘डायबेटिक मेडिसिन’ या नियतकालिकात सुदान, माली, हैती, पाकिस्तान, भारत अशा देशांतल्या मातीच्या भांड्यांची तपासणी छापून आली. सगळ्यांनीच आतली उष्णता उतरवली, कोरड्या हवेत जास्त. नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बा यांनी मडक्यात मडकं, मधे ओली वाळू, असं भांडं गावोगाव पोचवलं, त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी, जातीनं कुंभार, विजेशिवायचा मातीचा फ्रिजच उभा केला. कुंभाराच्या हाताला जे ठाऊक होतं ते प्रयोगशाळेला उशिरा कळलं, एवढंच.

आता कृती. वही काढा. नुसत्या माना हलवू नका.

एक मोठं मडकं, एक लहान गाडगं. दोन्ही न रंगवलेली, आतून-बाहेरून तेल किंवा चकाकी नसलेली. मोठ्याच्या तळाशी चार बोटं वाळू. त्यावर गाडगं. दोघांच्या मधल्या फटीत वाळू भरायची आणि ती पाण्यानं चिंब करायची. गाडग्याच्या आत पाणी नाही, आत कोरडं. बाटली तिच्या खोक्यासकट प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत, आणि डबी गाडग्यात. बाटली पाण्यात तरंगत ठेवायची नाही. लेबल निघून जातं, बुचाला घाण लागते. वर ओलं फडकं किंवा ओलं गोणपाट. दोन वीटा ठेवून त्यावर हे सगळं मांडायचं, सावलीत, पण जिथून वारं जातं तिथं. बंद कोपऱ्यात माठ गार होत नाही. चुलीपासून लांब. वाळूत सकाळ-संध्याकाळ पाणी, उन्हाळ्यात दुपारीही. महिन्या-दोन महिन्यांनी मडकं बाहेरून काथ्यानं घासायचं, साबण नको. छिद्रं बुजली की मडकं नुसतं भांडं उरतं, माठ राहत नाही. एवढंही जमत नसेल तर घरचा साधा पिण्याचा माठ, त्याच्या अंगाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि डबी फडक्यात माठाला चिकटवून बांधायची. काहीच नसण्यापेक्षा हे लाखपट बरं.

आणि एक थर्मामीटर. तापाचा नव्हे, तो ३५ च्या खाली दाखवतच नाही. भिंतीवर लावायचा साधा. तो गाडग्यात ठेवायचा आणि दुपारी तीनला आकडा वहीत लिहायचा. हे वस्तीतल्या दहावीच्या पोरीनं करावं. आठ दिवस लिहिलं की आपल्याला कळतं, आपला माठ कितीवर आहे. मग कुणी विचारलं तर ‘वाटतं’ म्हणायचं नाही, आकडा दाखवायचा.

बाटली फोडली त्या दिवशी खोक्यावर पेनानं तारीख. २८ दिवस झाले की उरलेली टाकायची. आपल्या बाया म्हणतात, “एवढी उरली, कशी फेकू?” त्यांचं खरं आहे, तो घामाचा पैसा आहे. म्हणून हिशेब आधीच करा. आपल्याकडच्या साध्या बाटलीत एका मिलीला ४० युनिट, १० मिली म्हणजे ४०० युनिट. दिवसाला २० लागत असतील तर २० दिवसांत बाटली संपते, फेकायचा प्रश्नच नाही. ज्यांना फार कमी लागतं त्यांनी डॉक्टरला लहान कार्ट्रिजबद्दल विचारायचं. आणि सुई बघून घ्या. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची, १०० च्या औषधाला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर मात्रा अर्ध्याहून खाली येते नाहीतर अडीचपट होते. मग साखर चढली की दोष माठाला. माठ बिचारा बोलत नाही!

प्रवासाचं. ऊसतोडीला जाणारी माणसं, वीटभट्टीवरची माणसं, मुंबईला रात्रीच्या गाडीनं निघालेली माणसं. मोटारसायकलच्या डिकीत बाटली ठेवायची नाही, उन्हातल्या बंद गाडीत ठेवायची नाही, एसटीच्या खिडकीशी नाही, अंगाला चिकटून खिशात नाही. थर्मास असेल तर गार पाण्यानं विसळून, कोरडा करून, त्यात बाटली. नसेल तर डबी ओल्या फडक्यात, फडकं पिशवीत, पिशवी वाऱ्याला. कोपीवर गेल्यावर पहिलं काम, वाळूत मडकं. साखर कारखान्याच्या गावात ऊसतोडवाल्याला कुणी फ्रिज देणार नाही, पण वाळू आणि पाणी मिळतं.

आता बर्फ. गरिबाला वाटतं, जितकं गार तितकं चांगलं. नाही! गोठलेलं इन्सुलिन मेलेलं इन्सुलिन. पुन्हा वितळलं, दिसायला पहिल्यासारखं झालं, तरी मेलेलं. म्हणून बर्फाला टेकवून कधीच नाही. उसन्या फ्रिजात ठेवायचीच वेळ आली तर दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. आणि हे त्या घरच्यांना तोंडानं सांगायचं. लाजायचं नाही.

बिघडलेलं ओळखायचं कसं? दोन जाती आहेत. एक पाण्यासारखं स्वच्छ, एक दुधाळ. स्वच्छ असणारं गढूळ दिसलं, त्यात कण दिसले, रंग बदलला, टाका. दुधाळ असणारं तळव्यात हळूहळू दहा-वीस वेळा फिरवायचं, बदाबदा हलवायचं नाही. फिरवूनही गुठळ्या राहिल्या, काचेला आतून पांढरा थर धरला, टाका. पण एक ध्यानात घ्या, जोर उतरलेलं इन्सुलिन पुष्कळदा दिसायला एकदम ठणठणीत असतं. डोळ्यावर भरवसा नाही. खाणं तेच, मात्रा तीच, तरी साखर सारखी वर, तर बाटलीचा संशय घ्या आणि नवी फोडा. आपल्या मनानं मात्रा वाढवत जाऊ नका. का? कमजोर बाटलीवर तुम्ही मात्रा वाढवली आणि मग नवी, पूर्ण जोराची बाटली त्याच वाढीव मात्रेनं टोचली तर साखर धाडकन खाली. घाम, थरथर, बेशुद्धी. तेव्हा शुद्धीत असेल तर गूळ, साखर, गोड पाणी ताबडतोब. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही, दवाखाना गाठायचा. उलट साखर फार चढली, सारखी तहान, सारखी लघवी, उलट्या, पोटात दुखणं, धापा आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, तर उद्या नाही, आत्ता दवाखाना. अंगात आलंय म्हणून अंगाऱ्याकडे नेलं तर परत आणताना चौघे लागतील.

हे झालं आपण करायचं. आता ज्यांनी करायचं त्यांच्याकडं वळू. कारण माठ दाखवून सरकार सुटणार असेल तर हे भाषण मी परत घेतो. ‘तुमच्याकडे माठ आहे ना, मग बसा’, हे ऐकायला आपण जमलो नाही. गरिबानं जुगाड करायचा आणि बाकीच्यांनी कौतुकाच्या टाळ्या वाजवायच्या, हा धंदा आपल्याला ठाऊक आहे. माठ हा आजचा जीव वाचवायला. हक्क त्याच्या पुढं.

पोलिओ आठवा. डोसाला थंडी लागते. ती थंडी या सरकारनं कुठंवर नेली? प्राथमिक आरोग्य केंद्रात खास शीतपेटी, तिथून निळ्या डब्यात बर्फाच्या पट्ट्या घालून प्रत्येक वाडी, प्रत्येक तांडा, प्रत्येक वीटभट्टी. २०११ च्या जानेवारीनंतर देशात जंगली पोलिओचा रुग्ण सापडला नाही, मार्च २०१४ मध्ये आपल्या भागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे मनात आणलं तर हे राज्य २ ते ८ अंश आपल्या झोपडीच्या दारात आणून उभं करतं. मग इन्सुलिनच्या वेळी ते अंश कुठं वितळतात? पोलिओ पसरतो, तो बंगल्यातही शिरतो. मधुमेह पसरत नाही, तो झोपडीतल्या झोपडीत मारतो. एवढाच फरक असेल तर तो फरक आपण नावानिशी बोलून दाखवला पाहिजे.

मागण्या चार. पहिली, फ्रिज नाही या कारणानं कुणालाही इन्सुलिन नाकारायचं नाही. दुसरी, सरकारी दवाखान्यात इन्सुलिन आणि सुया फुकट आणि नियमित, ‘संपलं, पुढच्या आठवड्यात या’ हे चालणार नाही. तिसरी, लसीच्या शीतपेटीत दुसरं औषध ठेवायचं नाही असा नियम आहे आणि तो बरोबर आहे, म्हणून प्रत्येक आरोग्य केंद्रात इन्सुलिनसाठी वेगळा साधा फ्रिज, ज्यात गावातल्या माणसाला आपली जास्तीची बाटली नाव टाकून ठेवता येईल. ते सार्वजनिक फ्रिज असेल, उपकाराचं नसेल. चौथी, बाटलीबरोबर मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसह कागद. त्यात माठही असेल.

आणि तोवर? तोवर या बैठकीतल्या प्रत्येकानं आपल्या वस्तीत सुई घेणारी माणसं किती, त्यांतली किती जणं बाटली दुसऱ्याच्या घरी ठेवतात, ही यादी करायची. पुढच्या महिन्यात यादी घेऊन यायचं. भाषण ऐकून चहा पिऊन जाणाऱ्यांची चळवळ आपल्याला नको. एका घरात एक मडकं मांडून दिलंत, एका म्हातारीला तारीख लिहायला शिकवलंत, तर दुसऱ्याच्या दारात उभं राहण्याचे तिचे दिवसातले दोन फेरे वाचले. औषधही वाचलं आणि मानही वाचली. दोन्ही एकाच गाडग्यात मावतात.

प्रश्न असतील तर विचारा. बायांनी आधी विचारायचं.

जय भीम.